उंचीचा एकच साक्षीदार

१२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळाकडे येणाऱ्या कझाकस्तान एअरलाइन्सच्या १९०७ क्रमांकाच्या विमानाने रेडिओवरून कळविले, की आपण १५० ही पातळी गाठली असून दिल्लीपासून ४६ सागरी मैलांवर आहोत. नियंत्रकाने ते ऐकले आणि तीच पातळी राखण्याची सूचना दिली. त्यानंतर काही क्षणांतच, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास, हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात हे विमान दिल्लीहून नुकत्याच उडालेल्या सौदी अरेबियन एअरलाइन्सच्या ७६३ क्रमांकाच्या विमानावर आदळले. सौदी बोइंग ७४७ मध्ये ३१२ जण होते, कझाक इल्युशिन ७६ मध्ये ३७. त्या ३४९ जणांपैकी एकही वाचला नाही. आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन झालेल्या अपघातांपैकी हा आजवरचा सर्वांत भीषण अपघात आहे.

या अपघाताची आठवण निघाली की बहुधा भाषेचा मुद्दा पुढे येतो: परदेशी वैमानिकांना इंग्रजी नीट कळले नाही आणि अनर्थ झाला. हे खोटे नाही. चौकशीनेही ते नोंदविले आहे. पण एवढ्यावर थांबले, तर त्या संध्याकाळचा मूळ प्रश्न नजरेआड होतो. तो प्रश्न मापनाचा आहे. खाली उतरणारे विमान नेमके किती उंचीवर आहे, हे जमिनीवरच्या माणसाला कळण्याचा मार्ग त्या दिवशी दिल्लीत एकच होता. तो म्हणजे विमानातून येणारा आवाज. त्या आवाजाची पडताळणी करील असे दुसरे साधन नियंत्रकाच्या हाती नव्हते.

हे आज चमत्कारिक वाटेल. रडार असताना उंची कशी कळत नव्हती? त्याचे उत्तर रडारच्या कार्यपद्धतीत आहे. दिल्लीच्या नियंत्रणकक्षात त्या वेळी प्राथमिक रडार वापरात होते. हे रडार रेडिओलहरींचे स्पंद सोडते. विमानाच्या धातूच्या अंगावरून परावर्तित झालेला क्षीण प्रतिध्वनी परत येतो. स्पंद जाऊन येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळते आणि त्या क्षणी अँटेना कोणत्या दिशेला वळलेली आहे, यावरून दिशा कळते. अँटेनातून निघणारा झोत मात्र पंख्याच्या पात्यासारखा असतो: आडवा अरुंद, उभा रुंद. खालपासून वरपर्यंतचे सारे आकाश एकाच फेरीत टिपता यावे म्हणून तो तसा ठेवलेला असतो. त्याची किंमत अशी, की प्रतिध्वनी त्या उभ्या पात्यातील कोणत्या उंचीवरून आला, हे रडारला सांगता येत नाही. एकाच्या डोक्यावर तीनशे मीटरवर दुसरे विमान असले, तरी पडद्यावर दोघांचे ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसतात. नियंत्रकासमोरचे आकाश द्विमितीय होते. तिसरी मिती त्याला कानाने मिळवावी लागे आणि ध्यानात ठेवावी लागे.

वैमानिकाला तरी आपली उंची कशी कळते? विमानातील उंचीमापक हा खरे तर वायुदाबमापक असतो. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो. त्या दाबाचेच उंचीत रूपांतर करून काटा फिरतो. जमिनीवरचा दाब हवामानानुसार रोज बदलतो, म्हणून ठरावीक उंचीच्या वर गेल्यावर सर्व विमाने आपले मापक १०१३.२५ हेक्टोपास्कल या एकाच प्रमाणदाबावर लावतात. या प्रमाणावर मोजलेल्या उंचीला फ्लाइट लेव्हल, म्हणजे उड्डाणपातळी म्हणतात आणि ती शेकडा फुटांत बोलली जाते. पातळी १५० म्हणजे १५,००० फूट, पातळी १४० म्हणजे १४,००० फूट. प्रमाण वातावरणात पहिल्या पातळीवर दाब सुमारे ५७२ हेक्टोपास्कल असतो आणि दुसरीवर सुमारे ५९५. एवढ्या, म्हणजे जेमतेम तेवीस हेक्टोपास्कलच्या फरकावर समोरासमोर येणाऱ्या विमानांतील माणसांचे प्राण विसंबलेले असतात. त्या फरकाला अनुरूप असलेले एक हजार फूट, म्हणजे ३०५ मीटर, हे अशा उंचीवरचे मान्य सुरक्षित अंतर आहे. आणि ते पाळले गेले तर पुरेसेही आहे.

त्या संध्याकाळी ते अंतर का लागले, हे समजण्यासाठी उतरण्याची रीत पाहिली पाहिजे. जेट विमानाला उतरताना इंजिनाची शक्ती फारशी लागत नाही. उंचीच्या रूपाने साठलेली ऊर्जा हवेच्या रोधात खर्च होते आणि विमान जवळपास घसरत खाली येते. वैमानिकांचा ढोबळ हिशेब असा, की प्रत्येक हजार फूट उतरण्यास तीन सागरी मैल लागतात. ३५,००० फुटांवरून यायचे तर शंभराहून अधिक मैल आधी उतरण्यास आरंभ करावा लागतो. इंधनाच्या आणि सोयीच्या दृष्टीने ही घसरण अखंड असणे उत्तम. पण वाटेत दुसरे विमान वर चढत येत असेल, तर उतरणाऱ्याला मध्येच एका पायरीवर थांबवावे लागते, चढणाऱ्याला त्याच्या खालच्या पायरीवर अडवावे लागते आणि दोघे एकमेकांना ओलांडून गेले, की एकाला वर व दुसऱ्याला खाली सोडावे लागते. नियंत्रकाच्या कामाचा मोठा भाग म्हणजे हा जिना चालवणे.

दिल्लीत हा जिना अधिकच अरुंद होता. राजधानीभोवतीच्या हवाई क्षेत्राचा मोठा भाग वायुदलाच्या उपयोगासाठी राखीव होता. नागरी विमानांना ये-जा करण्यासाठी त्या बाजूला एकच पट्टा उरे. येणारी आणि जाणारी विमाने त्याच पट्ट्यातून, समोरासमोर, केवळ उंचीच्या फरकाने एकमेकांपासून वेगळी ठेवली जात. अशा व्यवस्थेत उंचीची चूक झाली, तर आडवे अंतर तिला सावरून घेत नाही.

सौदी विमान साडेसहाच्या सुमारास दिल्लीहून धाहरानच्या दिशेने निघाले होते. त्यातील प्रवाशांत बहुसंख्य भारतीय होते आणि त्यांतील अनेकजण आखाती देशात कष्टाची कामे करून घरी पैसे पाठवणारे होते. कझाक विमान चिमकेंतहून येत होते. दोन्ही विमाने एकाच नियंत्रकाशी बोलत होती. कझाक विमानाला पातळी १५० पर्यंत उतरण्याची आणि तेथे पोहोचल्यावर कळविण्याची सूचना होती. सौदी विमानाला पातळी १४० पर्यंत चढण्याची अनुमती होती. अधिक वर जाण्यासाठी थांबण्यास सांगितले होते आणि आपण १४० राखू, असे त्याने उत्तरही दिले होते. कागदावर ही योजना निर्दोष होती. कझाक विमान वरून, सौदी विमान खालून, मध्ये हजार फूट.

नियंत्रणकक्षातील संभाषण ध्वनिफितीवर आपोआप मुद्रित होत असते. या संभाषणाचा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. कझाक विमानाने पातळी १५० गाठल्याचे सांगितले. नियंत्रकाने १५० राखण्याची सूचना दिली आणि त्याच दमात पुढचा इशारा दिला: नाकासमोर, उलट दिशेने, सौदी बोइंग ७४७ येत आहे, अंतर चौदा मैल, दिसल्यास कळवावे. उत्तरात पातळीचा उच्चार झाला नाही. उत्तर आले ते अंतराविषयीच्या प्रतिप्रश्नाचे: किती मैल? नियंत्रकाने चौदा मैल असे पुन्हा सांगितले. पुढे अंतर तेरा मैल झाल्याचे आणि समोरचे विमान १४० पातळीवर असल्याचेही सांगितले. आपण पाहत आहोत, अशा अर्थाचे उत्तर आले. नियंत्रकाने सांगायचे ते सर्व सांगितले होते. हजार फुटांवरून दोन विमाने सुखरूप ओलांडून जातील, यावर शंका घेण्याचे कारण त्याच्या कानाला मिळाले नव्हते.

वैमानिकी संभाषणात एक जुना दंडक आहे. मिळालेली सूचना, विशेषतः उंचीची, ऐकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारायची. याला ‘रीडबॅक’ म्हणतात. बोलणाऱ्याने तो परतोच्चार ऐकून आपले म्हणणे बरोबर पोहोचले की नाही, हे ताडायचे. भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर गोंगाट असलेल्या मार्गावरून संदेश पाठवताना तो परत मागवून तपासण्याची ही पद्धत आहे. परंतु तिची एक मर्यादा आहे. परतोच्चाराने कळते ते एवढेच, की वैमानिकाने काय ऐकले. विमान प्रत्यक्षात काय करीत आहे, हे त्यातून कळत नाही. चरखी दादरीच्या बाबतीत शेवटच्या सूचनेचा परतोच्चार आला नाही. पण तो आला असता, तरी ‘१५०’ हा शब्द आणि विमानाची खरी उंची यांच्यातील अंतर जमिनीवरून दिसलेच असते, असे म्हणता येत नाही.

कारण तोपर्यंत शब्द आणि विमान यांची फारकत झाली होती. कझाक विमान १५० पातळीवर टिकले नाही. ते खाली सरकत राहिले आणि १४,००० फुटांच्या जवळ येऊन पोहोचले. रडारच्या पडद्यावर यांतील काहीही दिसण्यासारखे नव्हते. दोन ठिपके एकमेकांकडे येत होते; योजनेप्रमाणे ते तसेच यायचे होते.

विमानाच्या आत काय चालले होते, ते नंतर ब्लॅक बॉक्समधून कळले. इल्युशिन ७६ हे सोव्हिएत परंपरेचे विमान. त्याच्या कक्षात पाच जणांचा चमू असे: कप्तान, सहवैमानिक, अभियंता, दिशादर्शक आणि रेडिओचालक. नियंत्रकाशी इंग्रजीत बोलण्याचे काम रेडिओचालकाचे. इतर सारे बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून. पण त्याच्या आसनासमोर उंचीमापक नव्हता. उंची पाहायची, तर वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून पाहावी लागे. म्हणजे जो माणूस उंची ऐकत व बोलत होता, त्याला ती सहज दिसत नव्हती. आणि ज्यांना दिसत होती, ते रेडिओवर बोलत नव्हते. भर म्हणजे सोव्हिएत परंपरेत उंची मीटरमध्ये मोजण्याची सवय. फुटांतल्या पातळ्या मनात बदलून घ्याव्या लागत. त्यात चौदा मैल आणि पातळी एकशेचाळीस हे सारखे कानावर पडणारे आकडे काही सेकंदांच्या अंतराने एकाच फ्रीक्वेन्सीवर बोलले गेले. समोरच्या विमानाची पातळी सांगणारा आकडा आपल्यालाच दिलेली नवी पातळी आहे, असा समज होण्यास अशा वेळी फार मोठी चूक लागत नाही.

अखेरच्या क्षणी रेडिओचालकाच्या ध्यानात आले, की आपण असायला हवे त्याहून खाली आहोत. १४० वर दुसरे विमान आहे, वर चला, अशा आशयाचे तो बोलला. कप्तानाने इंजिनांना पूर्ण शक्ती दिली आणि विमान वर उचलले गेले. त्याची शेपटी सौदी विमानाच्या डाव्या पंखातून आरपार गेली. कझाक विमान तसेच थोडे खाली राहिले असते, तर ते कदाचित सौदी विमानाच्या खालून निघून गेले असते, असेही पुढे सांगितले गेले. नियमाने पाहता ती आज्ञा योग्य होती. १५० वर परत जाणे हेच कर्तव्य होते. पण समोरचे विमान नेमके वर आहे की खाली, किती सेकंदांवर आहे, हे माहीत नसताना दिलेली योग्य आज्ञाही जुगारच ठरते. दोन्ही विमाने प्रत्येकी ताशी पाचशे किलोमीटर वेगाने येत आहेत असे मोघम धरले, तरी चौदा सागरी मैलांचे, म्हणजे सव्वीस किलोमीटरचे अंतर दीड मिनिटात संपते. संध्याकाळच्या अंधारात, ढगांतून, डोळ्यांनी विमान शोधून त्याची उंची ताडण्यास एवढा अवधी पुरत नाही.

टक्कर झाल्याचे पहिल्यांदा कळले तेही आवाजानेच. दिल्लीकडे येणाऱ्या अमेरिकी वायुदलाच्या एका मालवाहू विमानातील वैमानिकाने ढगांत पसरलेला मोठा नारिंगी प्रकाश पाहिला आणि रेडिओवरून दिल्लीला कळविले. नियंत्रक दोन्ही विमानांना हाका मारीत राहिला. सौदी विमानाचे अवशेष तेव्हाच्या भिवानी जिल्ह्यातील ढाणी गावाजवळ पडले होते, कझाक विमानाचे बिरोहरजवळ. तिथवर पहिल्यांदा पोहोचले ते आसपासच्या शेतांतले गावकरी.

पुढच्या दिवसांत बोट कोणाकडे दाखवायचे, यावरून वाद उभा राहिला. दिल्लीची जुनी यंत्रणा, अरुंद पट्टा आणि नियंत्रक हे सोपे लक्ष्य होते. कझाक बाजूने सांगण्यात आले, की ढगांतील खळबळीशी झुंजताना विमान खाली आले. चौकशीचे काम दिल्ली उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्याकडे सोपविण्यात आले. हेच पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. सौदी विमानाची नोंदयंत्रे इंग्लंडमधील फार्नबरो येथे आणि कझाक विमानाची मॉस्को येथे उलगडण्यात आली. नियंत्रणकक्षाची ध्वनिफीत दिल्लीत होतीच.

या चौकशीत तीन स्वतंत्र नोंदी एकाच कालरेषेवर ठेवता आल्या. ध्वनिफीत सांगत होती, काय बोलले गेले. विमानातील आवाजाची नोंद सांगत होती, काय समजले गेले. उड्डाणाच्या आकड्यांची नोंद सांगत होती, काय घडले. तिन्ही जुळवल्यावर निष्कर्षाला फारशी वाट फुटत नव्हती. नियंत्रकांनी दिलेल्या सूचना योग्य होत्या. कझाक विमान अनुमती नसताना १४० पातळीकडे उतरले आणि नेमून दिलेली १५० पातळी त्याने राखली नाही, हे अपघाताचे कारण ठरले. त्यामागे इंग्रजीचे अपुरे ज्ञान, कक्षातील समन्वयाचा अभाव, कप्तानाच्या नेतृत्वातील उणीव आणि ठरावीक टप्प्यांवर उंची मोठ्याने उच्चारण्याची शिस्त न पाळणे, या गोष्टी असल्याचे नोंदविले गेले. ज्या नियंत्रकावर संशयाची सावली पडली होती, त्याला त्याच्याच आवाजाच्या फितीने निर्दोष ठरविले.

परंतु दोष निश्चित झाला म्हणून प्रश्न सुटत नाही. प्रयोगशाळेत एखादी राशी एकाच उपकरणाने मोजली जात असेल आणि ते उपकरण बिघडले आहे की नाही, हे सांगणारे दुसरे काही नसेल, तर त्या मापनावर कोणी पैज लावत नाही. दिल्लीच्या आकाशात मात्र रोज शेकडो जीव अशा एकाच मापनावर सोपवले जात होते. माणूस चुकणार, हे गृहीतच धरावे लागते. म्हणून उंचीला दुसरा साक्षीदार हवा होता. आणि त्याला माणसाची भाषा ठाऊक असण्याची गरज नव्हती.

तो साक्षीदार तेव्हा उपलब्ध होता, ही या कथेतील सर्वांत बोचणारी बाब. दुय्यम रडारचे तत्त्व दुसऱ्या महायुद्धातील शत्रुमित्र ओळखण्याच्या यंत्रणेतून आले. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारला जातो. विमानातील ट्रान्सपाँडर नावाचा संच १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. त्या उत्तरात विमानाचा चार अंकी ओळखक्रमांक असतो आणि उंचीमापकाशी जोडलेल्या संचातून शंभर फुटांच्या टप्प्यांनी दाबउंचीही येते. वैमानिक काय समजला, काय बोलला, याच्याशी या उत्तराचा काही संबंध नसतो. असे रडार पडद्यावर असते, तर ‘१५०’ हा शब्द कानावर पडत असतानाच ठिपक्याशेजारचा आकडा खाली घसरताना दिसला असता. दिल्लीसाठी ही यंत्रणा घेण्यात आली होती, उभारणी चालू होती. पण ती अद्याप कार्यान्वित झालेली नव्हती.

अपघातानंतर गोष्टी वेगाने हलल्या. दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांसाठी वेगळे मार्ग आखले गेले. दुय्यम रडार कामाला लागले. आणि भारताच्या आकाशात उडणाऱ्या प्रवासी विमानांना टक्करप्रतिबंधक यंत्रणा सक्तीची करण्यात आली. या यंत्रणेच्या मुळाशी एक सुंदर भौतिक कल्पना आहे. १९५० च्या दशकात बेंडिक्स या अमेरिकी कंपनीतील जॉन मॉरेल यांनी दाखवून दिले, की धोका अंतराने नव्हे, वेळाने मोजावा. दोन विमानांमधील अंतराला ते ज्या वेगाने कमी होत आहे त्याने भागले, की टक्कर होण्यास उरलेला काळ मिळतो. पाच किलोमीटर हे अंतर एकामागून एक चाललेल्या विमानांसाठी निवांत आहे. समोरासमोर येणाऱ्यांसाठी काही सेकंदांचे.

ही कल्पना व्यवहारात यायला तीन दशके आणि अनेक बळी लागले. १९५६ मध्ये ग्रँड कॅन्यनवर दोन विमानांची टक्कर होऊन १२८ जण गेले. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील सेरिटोस येथे ८२ जण गेले, तेव्हा अमेरिकेने कायदाच केला आणि १९९३ च्या अखेरीपर्यंत तीसहून अधिक आसनांच्या विमानांत ही यंत्रणा बसवली गेली. एका विमानातील संच आजूबाजूच्या ट्रान्सपाँडरना स्वतःच प्रश्न विचारतो, उरलेला काळ मोजतो, प्रथम सावध करतो आणि मग एकाला वर व दुसऱ्याला खाली जाण्याची आज्ञा देतो; दोन्ही संच आपसात बोलून परस्परविरुद्ध दिशा ठरवतात. चरखी दादरीच्या आकाशात अखेरच्या क्षणी ज्या ज्ञानाचा अभाव होता, नेमके तेच ज्ञान ही यंत्रणा पुरवते. भारताच्या सक्तीनंतर हा आग्रह जगभर वाढला आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ जानेवारी २००३ पासून मोठ्या विमानांना ती बंधनकारक केली.

तरीही यंत्र आले म्हणून आवाजाचे महत्त्व संपले नाही, हे १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगेनच्या आकाशात दिसले. एका रशियन प्रवासी विमानाला यंत्राने वर जाण्यास सांगितले आणि त्याच वेळी जमिनीवरच्या नियंत्रकाने खाली उतरण्यास. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. समोरचे मालवाहू विमान यंत्राचे ऐकून खालीच येत होते. ७१ जण मृत्युमुखी पडले. दिल्लीत एकच साक्षीदार होता. येथे दोन होते आणि त्यांच्यात मतभेद झाल्यास कोणाचे मानायचे, हे पुरेसे स्पष्ट नव्हते. त्यानंतर नियम निःसंदिग्ध झाला: टाळण्याची आज्ञा यंत्राने दिली, की नियंत्रकाच्या सूचनेहून तीच वरचढ.

भाषेचा प्रश्नही बाजूला पडला नाही. रेडिओवर बोलणाऱ्या वैमानिकांचे आणि नियंत्रकांचे इंग्रजी किमान ठरावीक दर्जाचे असल्याची परीक्षा घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम २००३ मध्ये संमत झाला आणि मार्च २००८ पासून लागू झाला. ठरावीक शब्दप्रयोग पाठ असणे पुरेसे नाही. अनपेक्षित प्रसंगी साध्या वाक्यात बोलता व समजून घेता आले पाहिजे, हा त्यामागचा विचार. ‘समोरचे विमान १४० वर आहे’ आणि ‘तुम्ही १४० वर जा’ यांतील फरक शेवटी व्याकरणाचाच असतो.

आज परिस्थिती किती बदलली आहे, ते कोणाच्याही हातातील मोबाइल सांगतो. उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या ॲपमध्ये विमानाच्या चिन्हाशेजारी घटत जाणारी उंची दिसते. विमानाने स्वतःहून १०९० मेगाहर्ट्झवर प्रसारित केलेल्या माहितीतून ती आलेली असते. १९९६ मध्ये दिल्लीच्या नियंत्रकाला जे दिसत नव्हते, ते आज खिडकीत उभा असलेला शाळकरी मुलगा पाहतो. उंची मोजण्याची रीतही आता केवळ दाबावर विसंबून नाही. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली गगन ही यंत्रणा उपग्रहांद्वारे स्थाननिश्चितीतील चुका दुरुस्त करून विमानाला उतरताना उभ्या दिशेचेही मार्गदर्शन देते. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगड येथे एक प्रवासी विमान तिच्या आधारे उतरले. ही बातमी तांत्रिक वाटते. पण चरखी दादरीशेजारी ठेवून वाचली, तर तिचा अर्थ वेगळा लागतो. उतरणाऱ्या विमानाच्या उंचीला आणखी एक स्वतंत्र साक्षीदार मिळाला.

आणि एवढे होऊनही नियंत्रक अजून बोलतो, वैमानिक अजून परतोच्चार करतो. नागरी विमानांचे हे संभाषण आजही आयाममूर्च्छित लहरींवर, म्हणजे जुन्या एएम पद्धतीने चालते. त्याला एक कारण आहे. दोघे एकाच वेळी बोलले, तर एएममध्ये शिट्टीसारखा आवाज येतो आणि कोणाचे तरी बोलणे दबले, हे निदान कळते. एफएममध्ये बलवान आवाज दुबळ्याला संपूर्ण गिळून टाकू शकतो आणि काही हरवले, हेही समजत नाही. स्पष्ट आवाजापेक्षा चूक उघड करणारा आवाज येथे अधिक मोलाचा मानला आहे.

चरखी दादरीच्या फितीत असा कोणताही विसंवादी सूर नव्हता. ती ऐकताना काहीही बिघडल्यासारखे वाटत नाही. शांतपणे सूचना दिली जाते, शांतपणे उत्तर येते, आकडे बरोबर असतात. त्या शांत संभाषणाच्या शेवटी ३४९ माणसे होती. पुढच्या काळात उतरणाऱ्या प्रत्येक विमानाची उंची आवाजाव्यतिरिक्त आणखी कोणीतरी पाहत राहील अशी जी व्यवस्था उभी राहिली, ती त्यांच्या मृत्यूची किंमत देऊन मिळालेली आहे. दिल्लीला उतरताना कप्तान पट्टे बांधण्याची सूचना देतो, तेव्हा त्याच्या विमानातील ट्रान्सपाँडर त्याला न विचारता जमिनीला आपली उंची सांगत असतो.